मागच्या कोपऱ्याची भूक

८ जानेवारी

प्रिय बारके,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, ते दारात येऊन पडतं आणि दारात पडलेली वस्तू उचलल्याशिवाय तुला चैन पडत नाही हे मला माहीत आहे. उचललंस ना? मग आता वाच. फाडायचंच असेल तर शेवटी फाड. मधेच फाडलंस तर उरलेल्यात काय होतं याची रुखरुख तुलाच लागेल.

तुझी लेक दर रविवारी माझ्याकडे जेवायला येते, हे तुला ठाऊक आहे असं धरून चालते. नसेल तर आता झालं. तिच्यावर ओरडू नकोस, इथल्या वसतिगृहाचं जेवण गुन्हेगार आहे. तिच्याकडून कळलं की नगरपालिकेची नोटीस आली, आपल्या कोळंबी सोलायच्या शेडमागे टरफलांचा ढीग ठेवायचा नाही, आणि तू मागच्या सगळ्या अंगणात कोबा घालून घेणार आहेस. नव्या इमारतीतल्या लोकांनी वासाची तक्रार केली म्हणे. आपण दोघी त्या वासात लहानाच्या मोठ्या झालो. मला तर घर सोडून वर्ष झालं तेव्हा पहिल्यांदा कळलं, की तो वास होता. तोवर मी त्याला हवा समजत होते.

कोबा घालतेस ते चांगलंच करतेस. घोटाभर राड्यात सोलणाऱ्या बायकांनी किती वर्षं टोपल्या वाहायच्या? माझं एकच मागणं आहे. कोबा पडायच्या आधी मला मागच्या भिंतीच्या कोपऱ्यातली, पाण्याच्या टाकीशेजारची बरणीभर माती हवी. वरवरची नको. वीतभर खणून आतली, जिथे टरफलं अर्धी विरलेली असतात आणि बोटांत धरली की ओल्या कागदासारखी लागतात. असेल तशी ओली घाल. झाकण घट्ट लावू नकोस, का ते मागाहून सांगेन.

अठ्ठावीस वर्षांनी बहीण पत्र लिहिते आणि मागते काय, तर माती! अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणशील. खुशाल म्हण. त्यात गाढव कोण, ते मात्र तूच ठरव.

इकडे झकास आहे. संस्थेने मला दोनदा निवृत्त केलं, दोन्ही वेळा मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर. शेवटी कंटाळून त्यांनी मला ‘मानद’ केलं. खिडकीजवळ एक टेबल आहे, बाटल्या दिवसभर डुलवत ठेवणारं एक यंत्र आहे, आणि तुझ्या अंगणातल्या मातीतला, टरफलं खाणारा जंतू आहे. आम्ही दोघेही मजेत आहोत. उन्हाळ्यात पहिल्यांदाच मोठ्या टाकीत खरी टरफलं घालून लोकांना दाखवणार आहोत. जंतू जोरात आहे. नवी माती आपली जुन्या मातीशी ताडून पाहायला हवी, एवढंच.

तुझे गुडघे कसे आहेत? माझा डावा आता हवामानखात्यापेक्षा आधी पाऊस सांगतो.

तुझी ताई


२४ जानेवारी

प्रिय बारके,

कार्ड मिळालं. अठ्ठावीस वर्षांत तुझ्याकडून आलेली पहिली ओळ, आणि ती अशी: “आईचा चमचा कुठे आहे?”

ना प्रिय, ना सप्रेम, ना खाली सही. मी हसले ती इतकी, की आमच्या प्रमुखबाई आतून धावत आल्या. (प्रमुख म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी मी तिला काचेची भांडी धुवायला लावलं होतं, त्याचा सूड ती आता माझ्या सुट्ट्या मंजूर करून उगवते.) तिने विचारलं, “मॅडम, काय झालं?” म्हटलं, “काही नाही गं, माहेरचं बोलावणं आहे.” बिचारीला वाटलं, कुणीतरी गेलं.

चमचा आहे. माझ्याकडेच आहे. तोच, पितळी, लांब दांड्याचा. आई त्याने आमटी ढवळायची आणि आपल्या ढुंगणावर न्यायही करायची. अठ्ठावीस वर्षं तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, मी त्याने माती-टरफलं ढवळते आणि त्याला कुणी हात लावलेला मला खपत नाही. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात, सुरी घ्या, चिमटा घ्या, पण त्या चमच्याकडे बघू नका.

बाबा गेले त्या आठवड्यातलं तू विसरली नाहीस, मीही नाही. घर माणसांनी भरलेलं, आणि मी स्वयंपाकघरातून एक बरणी आणि तो चमचा घेऊन मागच्या दारी उकिडवी बसलेली. तू दारात येऊन उभी राहिलीस.

“काय करतेस?”

“माती घेतेय.”

“आज?”

“उद्या माझी गाडी आहे.”

मग म्हणालीस, “लोक बापाची आठवण नेतात. तू घाण ने.” आणि पुढे म्हणालीस, “नेलीस की या दारात परत पाय ठेवू नकोस.” मी पाय ठेवला नाही. तू बोललीस, मी पाळलं. या घराण्यात शब्दाला जागणं आणि हट्टाला पेटणं यातला फरक कुणाला कधी कळला आहे का?

पण बारके, मी आठवणच नेत होते गं. तुला आठवतं, बाबा संध्याकाळची शेवटची टोपली नेहमी त्याच कोपऱ्यात ओतायचे? बाकीचा ढीग वर्षभर हलायचा नाही, त्याला ट्रक बोलवावा लागायचा. कोपऱ्यातला मात्र कधी वाढायचाच नाही. बाबा म्हणायचे, “याला भूक लागते.” मी तुला सांगितलं होतं की त्यात पाय घातला तर नखं विरघळतील, आणि तू सातवीत जाईपर्यंत त्या टाकीवर पाणी प्यायला गेली नाहीस. ते एक जाऊ दे. सांगायचं हे, की टरफल ज्याचं बनलेलं असतं त्याला कायटिन म्हणतात. झुरळाची पाठ, खेकड्याची नांगी, कोळंबीचं कवच, अगदी अळंबीसुद्धा, सगळीकडे तेच. समुद्रात तर दरवर्षी त्याचे डोंगर तयार होतात. आणि तरी किनाऱ्यावर डोंगर दिसत नाहीत. म्हणजे कुणीतरी खातंय. ते कोण आणि कोणत्या दातांनी खातं, हेच मी जन्मभर बघत आले.

त्या वेळी मी काय होते? शाळेत रसायन शिकवणारी बाई. एन्झाइम हा शब्द उसन्या पुस्तकात वाचलेला. कुणी शिकवलं नाही. जे पुस्तक मिळालं ते वाचलं, जे कळलं नाही ते परत वाचलं, आणि तरी कळलं नाही तर स्वयंपाक करता करता बडबडत बसले. त्या बरणीतली चिमूटभर माती मी पाण्यात कालवून एका काचेच्या ताटलीत पसरली. ताटलीत कायटिनचा पातळ थर होता, दुधाच्या पाण्यासारखा धुरकट. चौथ्या दिवशी पाहते तर एका ठिपक्याभोवती स्वच्छ वर्तुळ. धुकं भरलेल्या काचेवर कुणी बोट फिरवावं तसं. त्यातून पलीकडचं टेबल दिसत होतं. बाबांच्या कोपऱ्याला लागणारी भूक मी डोळ्यांनी पाहिली. त्या ताटलीच्या जोरावर मला संस्थेत घेतलं, चाळिशीनंतर डॉक्टरेट मिळाली, आणि पुढचं सगळं झालं.

तर चमचा आहे. माती पाठव.

तुझी ताई

ता. क. झाकणाचं राहिलं. पुढच्या पत्रात.


११ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी तब्बल पाच वाक्यं! वाक्याला वाक्य लागून असंच चाललं तर मरेपर्यंत आपलं एक संभाषण होईल.

“जंतू तुझ्याकडे आहे म्हणतेस. दोघे मजेत म्हणतेस. मग माती कशाला? खरं काय ते लिही. कोबा वीस तारखेला, सोमवारी आहे.”

लहानपणी मी पाटीमागे लपवलेला पेरू तू वासाने शोधायचीस. नाक अजून शाबूत आहे म्हणायचं. बरं, ऐक.

तुला शेड माहीत आहे, तेव्हा शेडच्याच भाषेत सांगते. एका टेबलावर किती बायका लागतात? एक डोकं मोडते, एक कवच ओढते, एक पाठीतला काळा धागा काढते, एक धुते. एकटी कितीही हुशार असली तरी टोपली संपत नाही. माझ्या जंतूचंही तसंच आहे. तो टरफल गिळत नाही. तो आपले कामगार बाहेर पाठवतो. एन्झाइम म्हणजे हे कामगार. एक कायटिनचा धागा मधूनच तोडतो, दुसरा टोक पकडून ओढत ओढत तुकडे पाडतो, तिसरा त्या तुकड्यांची साखर करतो. पण खरं टरफल असतं विटेसारखं घट्ट, या तिघांना त्यात शिरायला फटच मिळत नाही. त्यासाठी चौथा लागतो. तो फारसं काही खात नाही, तोडत नाही. नुसता तडा देतो. तेवढ्या तड्यातून बाकीचे आत घुसतात.

हा चौथा मी शोधला. म्हणजे आमच्या जंतूतला. लोक म्हणायचे, बाईंच्या बाटलीत काहीतरी भेसळ आहे. एका मोठ्या माणसाने भर सभेत म्हटलं, “बाई, तुमचा निकाल तुमच्याच हातून येतो, दुसऱ्या कुणाच्या हातून का येत नाही?” प्रश्न रास्त होता. माझी मुलं तोच प्रयोग करायची, तीच पावडर, तेच पाणी, आणि टरफल जसंच्या तसं. मी केला की विरघळायचं. मी आठवडाभर नुसती त्यांच्या मागे उभी राहून बघत बसले. आणि दिसलं, की ती पोरं बाटलीचं झाकण पिळून घट्ट लावतात. मी सैल ठेवते. का? तर आई! “वाफेला वाट ठेवावी,” म्हणून तिने तुझ्या बोटांवर याच चमच्याने कितीदा मारलं असेल. मी ते बघून शिकले आणि तू मार खाऊन. त्या चौथ्या कामगाराला हवा लागते, बारके. कोंडलं की तो काम टाकतो. पुढच्या सभेला मी दोन बाटल्या घेऊन गेले, एक घट्ट, एक सैल, आणि त्या मोठ्या माणसाच्या पुढ्यात ठेवल्या. तो भला माणूस होता, उठून उभा राहिला. म्हणाला, “झाकणाचं कुठे शिकलात?” म्हटलं, “मार खाण्याच्या रांगेत दुसरी उभी होते.”

आता खरं सांगते. जंतू मजेत आहे, यात खोटं काही नाही. फारच मजेत आहे. तीच अडचण आहे.

टरफल कच्चं वापरलं की एकेका प्रयोगाला महिना लागतो. म्हणून प्रयोगशाळा, आमचीच नाही, जगातली कुठलीही, त्याला तीव्र आम्लात भिजवून, धुऊन, पांढरा मऊ लगदा करते. जंतूला तो भरवायचा आणि दोन दिवसांत निकाल घ्यायचा. आमची मुलं आली, गेली, प्रत्येकाने त्याला लगदाच भरवला. दात नसलेल्या आजोबांना भरवावा तसा. आणि आयतं मिळायला लागलं की कोण दगड फोडतो? ज्या पिल्लांनी तडा देणारा कामगार घरी पाठवला, ती हलकी झाली. हलकी ती भराभर वाढली. वाढली तीच पुढच्या बाटलीत गेली. लगद्यावर बघ, वर्तुळं पूर्वीपेक्षा मोठी! आम्ही टाळ्या वाजवल्या. मग टाकीची तयारी म्हणून गेल्या पावसाळ्यात मी खरी टरफलं घातली. महिना झाला तरी बाटलीत ती तरंगतायत, आज बाजारातून आणल्यासारखी. जंतू बाजूला उपाशी बसून माझ्याकडे बघतोय.

जुना, मूळचा जंतू अतिथंड फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता. मोठ्या सुट्टीत वीज गेली, फ्रीजर बंद पडला, आणि आम्ही परत आलो तेव्हा सगळ्या नळ्यांत पाणी. ज्या ज्या प्रयोगशाळांना मी तो दिला होता त्यांना विचारलं. सगळ्यांनी लगदाच भरवला होता.

प्रमुखबाई म्हणाल्या, “मॅडम, त्या चौथ्याची सगळी माहिती आपल्याकडे आहे. दुसऱ्या जंतूत घालून बनवू.” म्हटलं, एका बाईची नक्कल करता येईल, अख्ख्या शेडची नाही. तेव्हा ती जरा चाचरत म्हणाली, “मग मॅडम, आता टाकीचं रद्द करू. तुम्ही पुष्कळ केलंत.” पुष्कळ केलंत! हे वाक्य लोक कधी म्हणतात ते तुला माहीत आहे.

तर एवढं आहे. जगात माझा जंतू आता एकाच ठिकाणी उरला आहे, तुझ्या टाकीशेजारी, वीतभर खाली. आणि वीस तारखेला त्याच्यावर कोबा पडेल. कोब्याखाली टरफल पडणार नाही, हवा जाणार नाही.

तुझी लेक म्हणाली, “मावशी, मी पुढच्या शनिवारी घरी जाते आहे, आईला न सांगता आणते बरणीभर.” मी तिला नाही म्हटलं. पहिल्यांदा नेली तेव्हा विचारायला बाबा नव्हते. आता त्या जागेची मालकीण आहे, आणि ती तू आहेस. तू दिलीस तर घेईन.

तुझी ताई


२२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

सोमवार गेला. कार्ड आलं नाही, बरणी आली नाही. तुझ्या लेकीलाही मी काही विचारलं नाही. ती तिथेच आहे, सांगण्यासारखं असतं तर तिने सांगितलं असतं.

रागावले असं समजू नकोस. मी काल दिवसभर टेबल आवरलं, आणि आवरताना माझ्या लक्षात आलं की माझं तोंड वाईट झालेलं नाही. प्रमुखबाई दोनदा येऊन बघून गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा विचारलं, “काय गं, मी रडते का ते बघायला येतेस?” म्हणाली, “नाही, चहा घेणार का विचारायला.” हातात चहा नव्हता.

मी तिला सांगितलं तेच तुला सांगते. जिथे खाणं आहे तिथे खाणारा असतोच. बाबांच्या कोपऱ्यात तो आकाशातून पडला नव्हता. शंभर वर्षं कुणी एका जागी टरफलं टाकत आलं असेल तिथे त्याचा भाऊबंद कुठेतरी असणारच. किनाऱ्याला अशा शेड काय कमी आहेत? परवापासून मी हिंडणार. गुडघा कुरकुर करेल, त्याला करू दे. लोकांच्या मागच्या दारी जाऊन मी विचारणार, “तुमच्या ढिगाच्या कोणत्या कोपऱ्याला भूक लागते?” कुणी हसेल, कुणी कुत्रं सोडेल, पण एखादी म्हातारी म्हणेल, “या, दाखवते.” तशा म्हाताऱ्या सगळीकडे असतात. मी स्वतः त्यातलीच आहे.

पुन्हा सुरुवात करायला वय आड येत नाही गं. पहिल्यांदा केली तेव्हाही सगळे म्हणाले होते की उशीर झालाय.

चमचा काल पाठवला. तुला परत मिळायलाच हवा होता, माती आली असती तरी पाठवणारच होते. हातात घेशील तेव्हा दिसेल, त्याची डावी कड झिजून सपाट झाली आहे. मी डावखुरी, आणि आई उजव्या हाताची. तिने एक कड झिजवली आणि मी दुसरी. आता तो दोन्हीकडून सारखा आहे.

आमटीत घालण्याआधी मात्र उकळत्या पाण्यात ठेव. दोनदा.

तुझी ताई


२ मार्च

प्रिय बारके,

आज दोन टपालं एकाच दिवशी आली. आधी तुझं कार्ड वाचलं.

“चमचा मिळाला. चिंचेने घासला, आता बरा दिसतो. कोबा झाला. कोपरा सोडलाय, पाण्याच्या निचऱ्यासाठी. माती पाठवायला मला वेळ नाही, चाळीस टोपल्या रोजच्या असतात. तुझी हवी असेल तर येऊन खण. तुझा जंतू दिवसाला एक टोपली खातो त्याचं कौतुक माझ्यापुढे सांगू नकोस.”

मग दुसरं पाकीट उघडलं. त्यात तुझ्या लेकीने पाठवलेला फोटो होता.

मी तो खिडकीशी नेऊन पाहिला, मग भिंग घेऊन पाहिला, मग प्रमुखबाईंना हाक मारली आणि त्यांनीही भिंग घेऊन पाहिला. सगळ्या अंगणात गुळगुळीत राखाडी कोबा. आणि टाकीशेजारी दोन हात लांब, दोन हात रुंद चौकोन, काळ्या मातीचा, उघडा. कडा काय सुरेख! फळी लावून, वरून थापीने गोल केलेल्या. मागे लेकीने लिहिलं आहे: “मावशी, शनिवारी मी आले तेव्हाच आईने या फळ्या मारून घेतलेल्या होत्या. गवंडी म्हणत होता, ‘बाई, कशाला सोडता, कोपरा राहिला की वास राहिला.’ आई म्हणाली, ‘तुझ्या पैशाचा कोबा आहे का?’ तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. आता चमचा आल्यावर शपथ संपली म्हणाली.”

म्हणजे फळ्या शनिवारच्या, आणि माझा चमचा तुला मिळाला त्यानंतर. चमच्याने काही झालेलं नाही. तू आधीच ठरवलं होतंस. आणि मला बसवून ठेवलंस. आपल्या घराण्याची आहेस खरी!

बरं, निचऱ्याचं. बारके, तू बासष्ट वर्षं त्या अंगणात राहतेस. पाणी टाकीकडे वाहत नाही. पाणी दाराकडे वाहतं, गटारात पडतं, आणि त्या ओहोळात आपण दोघी टरफलांच्या होड्या सोडायचो. कोपरा अंगणात सगळ्यांत उंच आहे. तिथे निचरा करायचा तर पाण्याला शिडी लावावी लागेल. पण नगरपालिकेचा माणूस आला तर त्याला तेच सांग, मी साक्षीला येते.

एक गोष्ट मी भिंगाखालीही दोनदा पाहिली, खात्री करायला. त्या चौकोनाच्या मध्यावर टरफलांचा ढीग आहे. लहान. गुलाबी, ओला, त्याच दिवसाचा. टोपली पालथी पडली की बूड वर राहतं ना, तसा गोल. नोटीस आलेली असताना, सगळी टरफलं ट्रकमध्ये जात असताना, संध्याकाळची शेवटची टोपली तिथे कुणी ओतली असेल? लेकीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, “आई रोजच ओतते. मला वाटायचं शेडचा काहीतरी नियम आहे.”

रोज! बाबा गेल्यापासून?

मी उत्तर मागत नाही. तू दिलंस तरी एका ओळीत देशील आणि त्यात चमच्याचंच काहीतरी असेल. पण एक ऐकून ठेव. इथे आम्ही शिकलेल्या माणसांनी, यंत्रं आणि फ्रीजर आणि पांढरे डगले घालून, त्या जंतूला लाडाने बिघडवलं. तू त्याला कच्चं टरफल टाकत राहिलीस म्हणून त्याचे दात तेवढे तुझ्याकडे राहिले. सभेत मी हे सांगणार आहे, नाव घेऊन. तू म्हणशील, माझं नाव घालू नकोस. मी घालणार.

आणि दिवसाला एक टोपली, हे कौतुक नाहीच. ती भूक चाळीस टोपल्यांपर्यंत न्यायची, यासाठीच टाकी आहे. होईल का? होईल. मला जरासुद्धा शंका नाही. प्रमुखबाईंना आहे, पण तिला मी भांडी धुवायला लावणार आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. दुपारपर्यंत पोचेन. पुढच्या दाराने यायचं की मागच्या, हा प्रश्न मी गाडीत सोडवीन. बरणी मी आणते, झाकण सैल आहे. खणणं मात्र मला आता जमायचं नाही, उकिडवं बसले तर उठवायला गवंडी बोलवावा लागेल. तेव्हा चमचा तू धर. वीतभर खोल, कडेची नको, मधली. मी तुझ्या शेजारी वाकून उभी राहते आणि बरणी धरते.

तुझी ताई